शून्याखालची अट

किमान तापमापकाच्या नळीत टाचणीएवढी एक काळी काडी असते. थंडी वाढली की नळीतला द्रव तिला मागे ओढत नेतो. थंडी ओसरली की द्रव पुढे सरकतो. काडी मात्र जिथे सोडली तिथेच बसून राहते. त्या सकाळी ती उणे एक पॉइंट आठवर बसली होती.

दशांशताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हे नाव कचेरीनं ठेवलेलं; त्या भाजीवाल्याशीही दशांशात बोलतात, असा बोभाटा होता. वेधशाळेच्या हिरवळीवरचं दव नुसतं ओलं होतं, गोठलेलं नव्हतं. अंगातल्या स्वेटरनं त्यांना उकडत होतं. आणि तापमापकाच्या पांढऱ्या जाळीदार पेटीतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

त्यांचं लग्न याच आकड्यावर टांगलेलं होतं.

फार वर्षांपूर्वी कचेरीतल्या नकाशेवाल्यांनी मागणी घातली, तेव्हा विषय टाळायला त्या म्हणाल्या होत्या, "इथलं तापमान शून्याखाली गेलं की उत्तर देते." तेव्हा ते दोन-तीन वर्षांआड जायचंच. त्यानंतर एकदाही गेलं नाही. नकाशेवाले दर हिवाळ्यात देशभरातल्या सर्वांत थंड रात्रींचा नकाशा रंगवत. त्यातला निळा पट्टा कधी थोडा पसरे, पण एकंदरीत डोंगरांकडे आक्रसत चाललेला. गणित ताईंचंच होतं: हिवाळे थोडे ऊबदार झाले होते, पण हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र त्याहून बरीच जास्त.

"मॅडम, तुमचा आलेख माझ्या मुळावर उठलाय," नकाशेवाले म्हणत. त्यांनी लाल शाई दोनदा मागवली होती. निळी बाटली अजून पहिलीच चालू होती.

अट मागे घ्यायची तर तसं बोलावं लागणार, आणि ते ताईंच्या जिभेवर काही येईना.

त्यांनी गळत्या थेंबाला बोट लावून चाखलं. खारट. नुसत्या बर्फानं काडी शून्याखाली जात नाही, मीठ मिसळावं लागतं. हे नकाशेवाल्यांना पक्कं ठाऊक. खोटी नोंद करणाऱ्या माणसाला हो म्हणणं तर ताईंना या जन्मी जमणारं नव्हतं.

तेवढ्यात नकाशेवाले आले आणि पेटीत डोकावले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी आकडा दोनदा वाचला.

"खोडा हे," ते म्हणाले.

"नीट वाचलंत?"

"वाचलं. शेजारच्या एकाही केंद्रावर नऊच्या खाली नाही. थंडी काय एकट्या आपल्याकडे पाहुणी आली?"

"खोडलं तर तुमचं काय?"

"माझं जे व्हायचं ते होईल. पण हा आकडा नकाशात भरला, तर मला त्या नकाशाला तोंड दाखवता यायचं नाही."

कुंपणापलीकडच्या क्वार्टरमधून ताईंची आई आली. कानटोपी, वर शाल, हातात चहाचे दोन कप.

"काय मेली थंडी रात्री," ती म्हणाली. "गोठलं असेल ना गं सगळं?"

"आई, घरातलं मीठ कुठंय?"

"संपलं. आज भाजी अळणीच खा."

"बर्फात मीठ घालतात, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या लहानपणी आइस्क्रीमचा डबा कोण फिरवत होतं, तुझा आलेख?" आईनं कप नकाशेवाल्यांच्या हातात कोंबला. "माझं वय वाढतंय आणि तुमची थंडी काही वाढत नाही. मी वाट तरी किती बघू?"

नकाशेवाले चहा घेऊन उभेच राहिले, प्यायचं विसरून.

ताईंनी तापमापक काढून तिरका केला. काडी घरंगळत द्रवाच्या टोकाशी येऊन थांबली. अकरा पॉइंट चार.

"नोंद बाद," त्या म्हणाल्या. मग काडीवरची नजर न काढता, "आणि अटही बाद. याच हिवाळ्यात लग्न करू या. उकडलं तरी चालेल."