बुधवारच्या आत

फोन कानाला धरूनच गीताबाईनं आधी दोन बोटं दाखवली, मग पाच. समोर बाजेवर बसलेल्या दत्तरावांनी ओळखलं. हेडफोनची वायर कंपनीकडून दुरुस्त होऊन यायला पंचवीस दिवस. आज शुक्रवार, आणि गीताबाईच्या घशाचं ऑपरेशन बुधवारी.

ती फोनवर काय बोलत होती ते दत्तरावांना ऐकू येत नव्हतं. आपण ऐकायला हरकत नाही.

"अव सायेब, नुसती वायरच तर खराब हाय. तेवढीच धाडा की. न्हाई? आख्खं सामान पाठवावं लागतंय? बरं. बरं बाबा." फोन ठेवून तिनं नुसती मान हलवली.

दत्तराव जिंतूरच्या एसटी डेपोत बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. इंजिनाशेजारी उभं राहून राहून कान गेले ते गेलेच. कानामागे लावायचं यंत्र त्यांना पुरेना. मग सिद्धोधननं, त्यांच्या मुलानं, पुण्याहून हे आणलं. कानांवर मोठे हेडफोन, त्याची लांब वायर आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला काडेपेटीएवढी डबी. डबी ज्याच्या गळ्यात, त्याचा आवाज दत्तरावांच्या कानात. डबी पहिल्याच दिवशी गीताबाईच्या गळ्यात गेली आणि तिथंच राहिली.

दुपारी दोनला भांडी आवरली की ती बोलायला बसायची. डेपोच्या पाळ्यांपायी आयुष्यभर राहून गेलेलं बोलणं होतं, ते काय लवकर संपतंय? शेजारच्या बोरी गावात कुणाची सून रुसली इथपासून कुणाची शेळी व्याली इथपर्यंत सगळं. मधेच दूध उतू जायचं, ही बाई डबीसकट चुलीकडे पळायची आणि इकडे दत्तरावांच्या मानेला हिसका बसायचा.

"अगं, मी काय दाव्याला बांधलेलं जनावर हाय का?" ते ओरडायचे. ती हसत बसायची. त्या हिसक्यांनीच वायर पिनेपाशी झिजली. महिनाभर पिनेजवळ अंगठ्यानं दाबून धरली की आवाज यायचा. काल तोही बंद झाला.

नांदेडच्या डॉक्टरांनी लपवून काही ठेवलं नव्हतं. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज परत येणार नाही. "जीव ऱ्हातोय ना, मग झालं," गीताबाई म्हणाली होती. विहारात वंदना तीच सांगायची. तो आवाज अख्ख्या वस्तीला ओळखीचा होता. दत्तरावांना तो या वायरीतूनच परत मिळाला होता. आता मोजून चार दिवस उरले होते.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि वायर कापली. बसच्या दिव्यांची जोडायचे तशीच, पीळ देऊन वर टेप. काही नाही. आतल्या तारा केसाहून बारीक, लाल, हिरव्या, तांब्याच्या रंगाच्या. सोल्डरिंग केलं तर कथील थेंब होऊन घरंगळलं. बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन असलेल्या माणसाला एक साधी वायर जुमानेना. दत्तरावांना स्वतःचाच संताप आला.

ते उठून स्टँडजवळ योगीराजच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. योगीराजनं "जयभीम काका" म्हणत वायर हातात घेतली, पाहिली आणि मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, "तारांवर रंग दिसतो ना, ते वार्निश हाय. आधी जाळायचं, मग कथील धरतंय." लिहून झाल्यावर त्यानं काम करायला हात पुढे केला.

"तू नुसतं दाखव," दत्तराव म्हणाले. "करतो मी. माझ्या बायकोचं काम हाय."

लायटरच्या ज्योतीवर तारांची टोकं धरली. पहिल्यांदा जास्तच जळली. परत कापून केलं, तर तार निसटली. दरवेळी वीतभर वायर कमी होत होती. तिसऱ्या वेळी कथील चकचकीत बसलं. योगीराजनं दिलेल्या नव्या पिनेला मीटर लावला, काटा हलला. दत्तरावांचा माणसांपेक्षा मीटरवर विश्वास जास्त. तडक घरी निघाले.

गीताबाईनं डबी गळ्यात घातली. "आला का आवाज?"

दोन्ही कानांत आला. घोगरा, दमलेला, पण तिचा. दत्तरावांचे डोळे भरून आले. लपवायचं त्यांना सुचलंच नाही.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू? ज्वारी कोठीत हाय. बँकेचं पुस्तक ट्रंकेत, साड्याच्या खाली. माझ्या गोळ्या..."

"ते लिहून दे. लिहून देता येत न्हाई ते बोल."

तिनं डबी तोंडाजवळ धरली. मग म्हणाली, "पेडगावला मला बघायला आलाव तवा तुमच्या अंगातला शर्ट उसना व्हता. मला ठावं व्हतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाह्यजे? माझ्या मावसभावाचा व्हता त्यो."

"आन् इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

घसा जपा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं जपला नाही. चार दिवस बोलत राहिली. मंगळवारी संध्याकाळी विहारात डबी गळ्यात अडकवूनच तिनं वंदना सांगितली. दत्तराव हेडफोन लावून तिच्या शेजारी बसले. लोक बघत होते, तर बघू देत.

दीड महिना गेला. गीताबाई घरी होती. गळ्याच्या तळाशी श्वासासाठी भोक, त्यावर पांढरी मऊ जाळी. बोलायचं ते पाटीवर लिहायची. हेडफोन खुंटीला होते. दत्तराव तिकडे बघत नसत.

एका दुपारी भांडी आवरून तिनं ते काढले.

"कशाला गं आता?" दत्तराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

तिनं ऐकलं नाही. डबी गळ्यात घातली, हेडफोन स्वतःच्या हातानं त्यांच्या कानांवर बसवले आणि सुपात तूर घेऊन शेजारी बसली. वायर आता पुरती आखूड झाली होती, लांब बसायची सोयच नव्हती. आधी नुसती पदराची खसखस आली. मग जाळीतून आत जाणारा तिचा श्वास आला. बाहेर आला. परत आत गेला.

दत्तरावांनी आवाज थोडा वाढवला आणि सुपातली तूर निवडू लागले.