कलप

“टोपी काढता का जरा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सलूनवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती. टोपी निघाली. केस काळेभोर, मुळाशी नखभर पांढरे, कानामागे कलपाचा जुना ओघळ. भुवया मात्र पिठासारख्या पांढऱ्या.

मग बायकोनेच सगळं सांगितलं. आयुष्यभर लोकांची डोकी रंगवणारा हा माणूस हल्ली न्हाणीघराला कडी लावून स्वतःचं रंगवत होता. तिला वाटलं, उतारवयात हौस आली. येताना वाटेत त्याने खरं कारण सांगितलं. मूत्रपिंडातला कर्करोग मेंदूत पोचलेला. त्यावर गोळ्या सुरू झाल्या आणि केस मुळापासून पांढरे येऊ लागले. आजार आता डोक्याबाहेर पडतोय, असं तो धरूनच चालला होता. तिला दिसू नये, म्हणून कलप.

“ते गोळीचं काम, आजाराचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी सांगितलं होतं, पण त्या दिवशी तुमच्या कानात काही शिरलं नसणार.”

“म्हणजे गोळी लागू पडली?”

“ते केसांवरून नाही कळत. यावरून कळतं.” त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. आधीच्या चित्रात मेंदूतले ठिपके वाटाण्याएवढे होते; आजच्यात मसुरीएवढे. गेलेले नव्हते. गोळ्या चालूच राहणार होत्या.

त्याचा उजवा हात मांडीवर होता. याच हातातून एकदा गिऱ्हाइकाच्या मांडीवर कात्री निसटली होती, आणि तिथून हे सगळं उघडकीला आलं होतं. त्याने बोटं मिटली, उघडली.

“वस्तरा धरू ना?”

“कात्री धरा. वस्तरा नको. आकडीचा झटका कधीही येऊ शकतो.”

त्याने मान हलवली. दाराशी जाऊन तो परत वळला आणि म्हणाला, “बाई, केस कापायला कधीही या.” त्या हसल्या, येते म्हणाल्या.

दुकान उघडून त्याने वस्तरे पुसले, फडक्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवले. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि कात्री बायकोच्या हातात दिली.

“काळं तेवढं काप.”

“मला येतं का काही?”

“तीस वर्षं बघतेयस की.”

ती कापू लागली. तिची चूक दिसली की त्याचा हात वर यायचा, आणि पुन्हा कापडाखाली जायचा. काळे केस मांडीवर साचत गेले.

“अहो, वाकडं झालं हो.”

त्याने आरशातल्या पांढऱ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “वाढतील.”