मोशीच्या भावासाठी प्रार्थना

"फळ कसं असतं ते लांब कुठे शोधायला नको, आपल्या सिस्टरकडे बघा," पाळकसाहेब म्हणाले आणि महिला मंडळाच्या सगळ्या बायकांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मी देवळाच्या ओट्यावर बसून ज्वारीच्या कणसांच्या जुड्या बांधत होते. दुसऱ्या दिवशी कापणीचा सण होता.

"सहा वर्षं झाली," पाळकसाहेब पुढे सांगू लागले. "मोशीचा एक माणूस. ना आपल्या मंडळीतला, ना नात्यागोत्यातला. फिट येतात म्हणून कंपनीनं काढून टाकलेला. त्याच्या गोळ्या ही बाई दर महिन्याला पुण्याच्या मिशन दवाखान्यातून आणते. एक महिना चुकलेला नाही. उद्याचा संदेश सिस्टरच देतील. विषय, आत्म्याचं फळ."

"मला नाही बोलता यायचं," मी म्हणाले.

"तुम्हाला?" शालनबाई हसायला लागल्या. "अहो, तुम्ही प्रार्थनेला लागलात की घरी आमचा भात करपतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?

शालनबाईंचं खोटं नव्हतं. मी प्रभावती साळवे, मूळची नगरकडची, चिंचवडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. शिक्षण बेताचं, रूप त्याहून बेताचं. एकच गोष्ट मला लोकांपेक्षा चांगली येत होती, ती म्हणजे प्रार्थना. मी डोळे मिटून बोलायला लागले की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. कोणाच्या घरचं आजारपण, कोणाच्या पोरीचं मोडलेलं लग्न, सगळं मी असं काही मांडायची की ऐकणाऱ्याला वाटावं, देव समोरच पाट टाकून बसलाय. मला त्याची चटक लागली होती. हे आज म्हणते. तेव्हा मी त्याला कृपादान म्हणत होते.

आता पुढचं सरळच सांगते. फिरवून सांगायची कला मला नको तेवढी येते.

बहात्तर साली प्रेस शॉपमधला दत्तोबा कपाळाला खोक पडली म्हणून दवाखान्यात आला. टाके घालताना मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला. शेतात फिट येऊन पडला होता. वर्षातली तिसरी.

"सिस्टर, हे कंपनीत कळलं तर मला हाकलत्याल," तो म्हणाला. "माझ्या कारभारणीला ठावं हाय, थोरल्या भावाला ठावं हाय, अन् आता तुमाला. फुडं जाऊ देऊ नगा."

"नाही जाणार."

"देवाशपथ?"

"आमच्यात शपथ घेत नाहीत," मी ऐटीत म्हणाले. "आमचं नाही म्हणजे नाही."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "तुमी येशूची मानसं. तुमच्यावर माझा भरवसा हाय," तो म्हणाला आणि टोपी घालून गेला.

फिट येणारा माणूस प्रेसवर नको, हे मला त्या क्षणी कळत होतं. वरून टनाचा ठोका पडतो तिथे हात घालायचे असतात. मी त्याला शेजारी बसवून सांगायला हवं होतं की दत्तोबा, आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ, युनियनला मधे घेऊ, तुम्ही आपण होऊन सांगितलंत तर दुसरं हलकं काम मिळेल. तसं त्या वर्षी आणखी दोन कामगारांना मिळालंही होतं. पण त्याला वेळ लागतो, चार ठिकाणी जोडे झिजवावे लागतात, साहेबांची बोलणी खावी लागतात. मी त्याला गोळ्या आणून दिल्या आणि म्हटलं, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.

आणि केली की. गुरुवारची घरगुती प्रार्थना त्या आठवड्यात मारुतरावांच्या घरी होती. मारुतराव आमच्याच मंडळीतले आणि त्याच प्रेस शॉपचे फोरमन. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझ्या आधी शालनबाईंनी फार सुंदर प्रार्थना केली होती, चार जणी रडल्या होत्या. मग माझी पाळी आली. मी सुरुवात केली ती आजाऱ्यांपासून, आणि बोलता बोलता म्हणाले, "प्रभू, आमच्या कारखान्यातल्या त्या मोशीच्या धाकट्या भावाला आठव. फिटचं दुखणं लपवून तो रोज प्रेसखाली हात घालतो. घरी बायको वाट बघते, आणि त्याच्या कपाळावरचे टाके अजून ओले आहेत."

खोलीत हुंदका ऐकू आला. मला बरं वाटलं. देवा, तेव्हा मला फार बरं वाटलं.

नाव मी घेतलं नव्हतं. त्या नाव न घेण्याचा आधार मी नंतर सहा वर्षं घेतला. पण कपाळाला टाके घातलेला मोशीचा माणूस प्रेस शॉपमध्ये एकच होता. शुक्रवारी सकाळी मारुतरावांनी त्याला मशीनवरून उतरवलं, कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं, आणि दुखणं लपवून नोकरी केली म्हणून महिन्याभरात त्याचं नाव कमी झालं. मारुतरावांना मी दोष देत नाही. माणसाची बोटं वाचवली त्यांनी.

दत्तोबानं विचार केला, माहीत होतं तिघांना. बायको सांगणार नाही. सिस्टर तर सांगणारच नाही. राहिला कोण, थोरला ज्ञानदेव. तो आमच्याच कंपनीत स्टोअरला होता, आणि नेमकं त्याच आठवड्यात दोघांचं बांधावरून वाजलेलं. ज्ञानदेवानं इंद्रायणीचं पाणी हातात घेऊन सांगितलं की मी बोललो नाही. दत्तोबानं त्याच्या तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं. पंधरा दिवसांत अंगणात मधोमध भिंत उभी राहिली.

हे सगळं मला दत्तोबाच सांगायचा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गोळ्या न्यायला यायचा, येताना शेतातली मेथी, वांगी आणायचा. ओट्यावर बसून भावाला शिव्या घालायचा आणि जाताना मला म्हणायचा, "तुमच्यासारखं मानूस न्हाई, सिस्टर." मी दर वेळी ठरवायची, आज सांगायचं. दर वेळी त्याला चहा द्यायची आणि गप्प बसायची. त्याची वांगी मी दर साली कापणीच्या सणाला देवळात माझं प्रथमफळ म्हणून ठेवलेली आहेत. हसू नका. मला रडूही येत नाही.

तर त्या शनिवारी मी कणसं बांधत होते तेव्हा देवळाच्या फाटकाशी दत्तोबाची बायको केसरबाई येऊन उभी राहिली. ती कधी येत नसे. मी उठून गेले.

"गोळ्या संपल्या का?"

"गोळ्या हायेत. खात न्हाईत," ती म्हणाली. "थोरलं दीर वारलं. आज सोळा दीस झालं."

हातातली जुडी मी फाटकाच्या कठड्यावर ठेवली.

"हे मयताला गेलं न्हाईत," केसरबाई सांगत होती. "भावाला पोरगा न्हाई, दोन पोरीच. पानी ह्यांनी द्यायचं. पर न्हाई गेलं. चुलतभावानं दिलं. धाव्याला कावळा शिवंना. दुपार झाली तरी शिवंना. घाटावरून चार जन बोलवाया आलं, म्हनलं दत्तू, येऊन एक शब्द बोल, त्याचा जीव अडकलाय तुझ्यात. हे भितीकडं तोंड करून बसलं. आता अन्न जात न्हाई, गोळी घेत न्हाईत. तुमचं ऐकत्याल. चला."

आमच्यात कावळ्याचं काही मानत नाहीत. पण घाटावर ताटकळलेली ती माणसं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. भोसरीला बस बदलून मोशीला पोचेपर्यंत केसरबाई माझा हात धरून बसली होती, आणि मला तो सोडवून घ्यायचा होता.

दत्तोबा अंगणात बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठायला लागला.

"बसा," मी म्हणाले. उभ्यानंच सांगितलं, नाहीतर पुन्हा चहा होऊन गेला असता. "दत्तोबा, कंपनीत तुमचं दुखणं ज्ञानदेवांनी सांगितलं नव्हतं. माझ्यामुळे फुटलं. मी प्रार्थनेत बोलले. मारुतराव तिथे बसले होते."

त्याला कळलं नाही. "कशात बोलला?"

"प्रार्थनेत."

"म्हंजी देवाला सांगत हुता?"

"हो."

"देवाला सांगायचं तर मोठ्यानं कशापायी?"

सहा वर्षांत पाळकांसकट कोणीही मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. उत्तर मला माहीत होतं. "लोकांनी ऐकावं म्हणून," मी म्हणाले.

केसरबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं दत्तोबा हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "मला सांगून काय उपेग? पलीकडं वहिनी हाय. तिला सांगा."

मी गल्लीतून वळसा घालून पलीकडे गेले. तो मागून येत होता, पण उंबऱ्याच्या बाहेर थांबला. ज्ञानदेवाची बायको कस्तुरा सुपात ज्वारी निवडत होती. कपाळ मोकळं. मी तिच्यासमोर बसले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. ती खडे काढत राहिली.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"मारुतराव फोरमन बदलून गेलं तवा जाताना ह्यांना सांगून गेलं. चार वर्सं झाली. म्या म्हनलं, चला, आत्ताच्या आत्ता भावजींना सांगू, ही भीत पाडू. तर हे म्हनले, गप ऱ्हा. तो तापट हाय. त्याला कळलं की सिस्टरच्या दारात जायाचा न्हाई, गोळ्या फेकून देईल. अन् गोळ्या बंद झाल्या तर हिरीवर, रस्त्यावर कुटंबी पडंल. मला शिव्या देतोय नव्हं, देऊ दे. शिव्यांनी मी मरत न्हाई."

बाहेर दत्तोबानं वहाणा काढल्याचा आवाज आला.

"धाव्याला कावळा शिवंना," कस्तुरा म्हणाली. "समद्यांनी समदं बोलून पाह्यलं. पोरींचं बघू म्हनले, बैलांचं बघू म्हनले. शेवटी म्या पुढं झाले. म्हनलं, भावजींच्या गोळ्या चुकू देनार न्हाई. तवा शिवला."

तिनं सूप खाली ठेवलं. ती रडली नाही. मला रडायचा काय अधिकार होता?

दत्तोबा वाकून आत आला. चौकटीपाशीच उकिडवा बसला. "वहिनी," तो म्हणाला, "दादानं मला सांगाया पायजे हुतं."

"सांगिटलं असतं तर गोळ्या टाकल्या असत्यास का न्हाई? खरं बोल."

"टाकल्या असत्या," तो म्हणाला.

कस्तुरा उठली, तांब्या भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. केसरबाई मागून गोळ्यांची पुडी घेऊन आली होती. मी उठले तेव्हा मला कोणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात कणसं, भोपळे, कोंबड्या, सगळं वेदीपुढे मांडलं होतं. मी संदेशाला उभी राहिले. म्हणाले, ज्या फळाबद्दल काल तुम्ही माझं कौतुक केलंत ते माझं नाही. मग ज्ञानदेवाचं सगळं सांगितलं, माझ्या गुरुवारच्या प्रार्थनेसकट. डोळे उघडे ठेवून सांगितलं. कोणीही आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि गीत सांगितलं. त्यानंतर मंडळीत मला कोणी प्रार्थना करायला सांगत नाही. शालनबाई भेटतात, तब्येत विचारतात आणि घाईनं जातात. बरोबरच आहे त्यांचं.

पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी मी गोळ्या आणून ठेवल्या. कोणी येईल असं वाटत नव्हतं. दुपारी दार वाजलं. कस्तुरा होती. पांढऱ्या कपाळावर घाम, पायांवर मोशीची धूळ.

"गोळ्या," ती म्हणाली.

मी पुडी दिली. तिनं तिथंच उघडून एक एक मोजून बघितली, तीस भरल्या, मग पदरात गाठ मारली.

"आत या. पाणी तरी घ्या."

"नगं. बस हाय."

बस तासाभरानं असते. तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. आज तीन वर्षं ती दर महिन्याला येते, गोळ्या मोजून घेते, आणि बाहेर उन्हात थांब्यावर जाऊन बसते.