जीनाचा दिस

लूर्डसची मुलगी जीना गेली त्याला दीड वर्ष होत आलं, तेव्हा एका सकाळी चांदीपच्या आदिवासी पाड्यावरचा शिडवा भगत निर्मळच्या त्यांच्या वाडीत आला. लूर्डस ओट्यावर सोनचाफ्याची फुलं पानात बांधत बसली होती. भगताने चपला पायरीखाली काढल्या, पाणी घेतलं आणि मग म्हणाला, जीनाबायचा दिस अजून झाला नाही, तो करायला पाहिजे.

लूर्डसला तो नवखा नव्हता. जीना शाळेत गाणं शिकवायची आणि चर्चच्या गायनमंडळात व्हायोलिन वाजवायची. एकदा बाजारात बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या या म्हाताऱ्याजवळ तिला घांगळी दिसली. एका बांबूच्या दांड्याला दोन सुके दुधी भोपळे आणि त्यांवर ताणलेल्या तारा, एवढंच ते वाद्य. पण ते तिला इतकं आवडलं की ती रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की स्कूटर काढून थेट चांदीप गाठायची. शिडव्याकडून वाजवायला शिकली, भोपळा कसा वाळवायचा, मेण कुठे लावायचं तेही शिकली. मग तिच्याच डोक्यातून वाद्यांचा मेळा निघाला. दरवर्षी थंडीत वाडीतल्या मोकळ्या जागेत माणसं जमायची. मुंबईहून कुणी आफ्रिकेचा ढोल घेऊन यायचं, कुणी राजस्थानचं मोरचंग. चांदीपच्या बायका बांबू विणत बसायच्या. शिडवा भगत घांगळीवर आपल्या देवांची लांबलचक गाणी म्हणायचा आणि जीना त्याच्या बाजूला मांडी घालून तार छेडायची.

आणि मग एका पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. आधी साधा ताप म्हणून घरीच झोपून होती. नंतर प्लेटलेट्स एकदम खाली आल्या आणि तिला अतिदक्षता विभागात नेलं. तिथे रात्री घरच्यांना सोडत नसत. लूर्डस बाहेरच्या बाकावर बसून राहिली. पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं. तेव्हापासून लूर्डसच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. पोरीने शेवटी आपल्याला हाक मारली असेल का? मारली असेल, तर आई का येत नाही असं वाटतच ती गेली का? हे विचारायचं कुणाला? नवरा प्लासिड तिचं नाव निघालं की उठून केळीच्या बागेत निघून जायचा. धाकटा मुलगा जोनाथन नोकरीला जायचा, रात्री उशिरा यायचा.

भगताने समजावून सांगितलं की त्यांच्यात माणूस गेला की दिस करतात. घांगळीवर त्याला हाक मारायची. तो कुणाच्या तरी अंगात येतो, राहिलेलं बोलतो, आपल्या वाट्याचं जेवतो आणि मग मोकळा होऊन जातो. जीना त्याला लेकीसारखी होती, म्हणून त्याच्याने राहवत नव्हतं.

लूर्डसने फुलं बाजूला ठेवली. "बोलते का ती खरंच?"

"आली तर बोलते, बाय," शिडवा म्हणाला.

प्लासिडला कळलं तेव्हा तो फार चिडला नाही, पण त्याने साफ नकार दिला. आपण ख्रिस्ती माणसं आहोत, असं तो म्हणाला. पोरीसाठी मिस्सा झाल्या, प्रार्थना झाल्या, ती देवाच्या हाती आहे. मेलेल्याला हाक मारणं आपल्यात बसत नाही. लूर्डसलाही हे सगळं मान्य होतं. लहानपणापासून तेच शिकत ती मोठी झाली होती. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही घरात बसा. मी बसेन बाहेर."

जोनाथनने त्या वर्षीचा मेळा बहिणीच्या नावाने भरवला. जानेवारीचा शनिवार होता. दिवसभर वाडीत माणसं होती. पोरापोरींनी भोपळ्यांना भोकं पाडून पाहिली, बांबूच्या कामट्यांनी बोटं कापून घेतली, चिकूच्या झाडाखाली ढोल घुमले. लूर्डस स्वयंपाकघरातच होती. जीनाला फुगे फार आवडायचे. ते पिठाचे गोळे तळताना तिच्या डोळ्यांसमोर सारखी एकच पोर येत होती, कढईशेजारी उभी राहून गरम फुगा या हातातून त्या हातात झेलणारी.

दिवेलागणीला सगळे अंगणात गोल करून बसले. प्लासिडने आतून दार लोटून घेतलं. शिडव्याने जमीन सारवून तांदळाच्या पिठाने चौक काढला, मधोमध जीनाचं केळीचं पान मांडलं, त्यावर भात, सुक्या बोंबलाचं कालवण आणि लूर्डसने आणलेले फुगे वाढले. मग त्याने घांगळी मांडीवर घेतली.

आवाज मोठा नव्हता. एकच सूर होता, माशी घोंघावत राहावी तसा, आणि त्यावर म्हाताऱ्याचं गाणं. धरित्री कशी झाली, मरण कुठून आलं, इथपासून त्याने सुरुवात केली आणि मग हळूहळू तो निर्मळपर्यंत आला, या वाडीपर्यंत, या अंगणापर्यंत. मग त्याने जीनाला हाक मारली. नुसतं नाव घेतलं नाही. लेकी, तुझी स्कूटर आमच्या वडाखाली उभी राहायची ती जागा मोकळी आहे, असं म्हणाला. तुझी आय बसलीय, तुझा भाव बसलाय, तू ये, असं म्हणाला.

आपण इथे बसलोय हे तिलाच खरं वाटेना.

समोर मुंबईची एक मुलगी बसली होती, ॲनिशा नावाची. जीनाला ती कधी भेटलेलीही नव्हती. ती अचानक डोलायला लागली. केस मोकळे झाले, तोंडातून हुंदके फुटले आणि ती "मम्मी, मम्मी" म्हणायला लागली. गोलात कुजबुज झाली. आली, आली, असं कुणी तरी म्हणालं. जोनाथन गुडघ्यांवर उठला. आणि लूर्डस कधी उभी राहिली, कधी चौक ओलांडून त्या मुलीपर्यंत पोचली, तिचं तिला कळलं नाही. तिने त्या परक्या पोरीचा चेहरा ओंजळीत धरला. "बाय गो, मी बाहेरच होते. दाराबाहेरच होते."

घांगळी थांबली. शिडवा उठून आला. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग तिला पाणी पाजलं आणि लूर्डसकडे वळून अगदी हळू म्हणाला, "ही जीना नाय, बाय. ही पोर तिचं तिचंच रडतेय."

ॲनिशा भानावर आली आणि तिने ओशाळून तोंड झाकून घेतलं. तिची आई मागच्या वर्षी गेली होती, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. लूर्डसने तिला तसंच जवळ धरून ठेवलं. आता सोडायचं तरी कसं, हेच तिला समजत नव्हतं.

शिडवा परत बसला. त्याने पुन्हा गाणं धरलं, पुन्हा बोलावलं. गळा बसेपर्यंत बोलावलं. पेट्रोमॅक्सभोवती किडे जमले, लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपली. शेवटी त्याने घांगळी खाली ठेवली.

"आली नाय," तो म्हणाला.

माणसं उठली. काही जणांना हे अवघड वाटलं, ती भराभर निघाली. जोनाथन भगताजवळ गेला. दोन शब्द सांगितले असते तर काय बिघडलं असतं, असं त्याने विचारलं. मम्मीसाठी तरी. शिडव्याने घांगळी उचलून परत मांडीवर घेतली. जोनाथन पाय आपटत विहिरीकडे निघून गेला.

लूर्डस म्हाताऱ्याच्या बाजूला जमिनीवर बसली. "आम्ही दुसऱ्या धर्माचे म्हणून आली नाही का?"

"तसं नसतं."

"मग माझ्यावर रुसली असेल."

शिडव्याने मान हलवली. मग त्याने तिला आपल्या नवश्याचं सांगितलं. नवसाचा पोर, म्हणून नवश्या. गोखिवऱ्याकडे दगडखाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं होतं, तिथे पोहायला उतरला आणि वर आला नाही. साऱ्या पाड्यांची मेलेली माणसं शिडव्याच्या हाकेला यायची, बोलायची. त्याचा स्वतःचा पोर आजवर एकदाही आला नव्हता.

"अजून बोलावतोस?" लूर्डसने विचारलं.

"दरसाल बोलावतो."

"का?"

म्हातारा घांगळीच्या तारा सैल करत होता. "त्याला ऐकू जात असंल तर? बाप बोलवायचा थांबला, असं कशाला वाटू द्यायचं त्याला."

जरा वेळाने चांदीपला जाणारा टेम्पो आला, बायकांनी टोपल्या चढवल्या, भगताला हात देऊन वर घेतलं. लूर्डस फाटकापर्यंत गेली आणि दिवे वळणाआड होईपर्यंत थांबली.

घरात दिवा लावलेला नव्हता. प्लासिड खिडकीजवळच्या खुर्चीत पाठ करून बसला होता. रोझरीची माळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. लूर्डसला वाटलं, आता हा बोलणार, मी सांगत होतो म्हणणार. ती दारातच उभी राहिली.

"आली होती?" प्लासिडने विचारलं.

तिला वाटलं, हो म्हणावं. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही," ती म्हणाली. "पण त्याने फार मायेने बोलावलं हो तिला."

प्लासिडने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. पोरीच्या दफनाच्या दिवशीसुद्धा न रडलेला तो माणूस तोंडावर माळेचा हात दाबून रडत होता. लूर्डसने दुसरी खुर्ची ओढली आणि ती त्याला लागून बसली. कितीतरी वेळाने त्याने विचारलं, पोर दवाखान्यात आत असताना तू कुठे बसली होतीस, आणि लूर्डस त्या रात्रीचं सगळं पहिल्यापासून सांगू लागली.