गटारीचं चित्र

ते चित्र ह्यांनी कल्याणच्या जुन्या बाजारातून आणलं तेव्हाच मी म्हटलं होतं, हे माझ्या घरात नको. शंभरएक वर्षांपूर्वीचं, दगडी छापखान्यातलं. साहेबी टोपी घातलेला बाबू गटारात लोळतोय, कुत्रा त्याचं तोंड चाटतोय, दोस्त वरून आणखी ओततायत आणि दारात बायको झाडू घेऊन उभी. खाली दारूचं गाणं, चार कडव्यांचं. शेवटचं कडवं त्या बायकोला शिव्या देणारं.

माझं ऐकतो कोण! मानपाड्याच्या कंपनीतले ह्यांचे तिघे दोस्त दर गटारीला आमच्याकडे जमायचे. चित्र मधे ठेवायचं, एकेका कडव्याला एकेक ग्लास संपवायचा. चाल कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून त्यांच्यातल्या पोपटने भजनाची लावली. शेवटचं कडवं आलं की चौघे स्वयंपाकघराकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडायचे. मी आतून उलथनं आपटायचे. बावीस वर्षं आपटलं.

हे एक्क्याण्णवच्या चैत्रात गेले. म्हटलं, सुटले एकदाची त्या गाण्यातून.

आणि गटारीला सकाळीच जाऊन कोंबडी आणली. वडे थापले. चित्र पुसून ठेवलं. बोलावलं कुणालाच नव्हतं. आजवर तरी कधी बोलावलं होतं? आपसूक यायचे. सहा वाजले, सात वाजले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

साडेसातला बेल वाजली. त्या तिघांतले जगनभावजी, एकटेच. आत येईनात.

"वहिनी, ते चित्र देता का? यंदा पोपटकडे बसतोय."

"इथे काय झालं?"

"वर्ष कुठे झालंय अजून? दुखवट्याच्या घरात बसणं बरं दिसतं का?" मग खाली बघत म्हणाले, "आणि तुम्हाला आमचा त्रासच होता ना."

मीच तसं ऐकवत आलेले. या, बसा, ओरडा, एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून चित्र ह्यांच्या लुंगीत गुंडाळलं, कोंबडी-वड्यांचा मोठा डबा भरला आणि दोन्ही त्यांच्या हातात दिलं. डब्याचं वजन लागलं तसे ते चपापले.

"उद्या डबा पाठवून देतो, वहिनी."

"पाठवू नका. घेऊन या. तिघेही या."

"रिकाम्या डब्याला तिघं?"

"हो, तिघं," मी म्हटलं. "मला घर खायला उठतं, भावजी."