गुणी बाळ

मी आरोग्य कचेरीत तक्ते काढते. वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांचे. कुठल्या वस्तीत किती गेली, कशाने गेली, पूर्वी किती जायची, आता किती. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, न्यूमोनियाची, जुलाबाची, रक्तात जंतू पसरलेली. प्रत्येक कारणाला मी वेगळा रंग दिलाय. असलं काम करणाऱ्या माणसाने तान्ह्या बाळाच्या घरात राहूच नये. पण धाकटी बहीण बाळंत झाली आणि आम्ही सगळे एकाच घरात, मी जाणार कुठे?

बाळ घरी आल्या आल्याच मी सगळ्यांना नको नको करून सोडलं. बाळ शिंकलं की मी थर्मामीटर घेऊन हजर. दोनदा मी त्याला दवाखान्यात न्यायला लावलं आणि दोन्ही वेळा डॉक्टरीणबाईंनी हसून परत पाठवलं. तेव्हापासून मेहुणे मला 'धोक्याची घंटा' म्हणायला लागले. बहिणीने मात्र ते हसण्यावारी नेलं नाही.

"ताई, तुझं ऑफिस घराबाहेर ठेव," ती म्हणाली. "तू त्याच्याकडे बघतेस ना, तेव्हा मला तो गेलेलाच दिसतो."

माझा चेहरा उतरला. विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही, असा मी तिला शब्द दिला. त्यानंतर मी घासलेली भांडी पुन्हा घासली, नीट घड्या घातलेली दुपटी उलगडून पुन्हा घड्या घातल्या. हाताला काम दिलं तरी कान पाळण्याकडेच असायचे.

त्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बाळ शांत होतं.

"आज घंटा वाजली नाही का?" मेहुणे चहा ओतता ओतता म्हणाले. "बघा ताई, पोरगं शहाणं झालं. रडणंच सोडलंय त्याने."

"प्यायलासुद्धा उठला नाही पहाटेपासून," बहीण कौतुकाने म्हणाली. "गुणी गं माझं ते."

मी जीभ चावली. दिला शब्द मोडायचा नाही म्हणून मीच माझी समजूत घालत बसले. आई शिकलेली, बाळाचं वजन चांगलं, घर पक्कं, दवाखाना हाकेच्या अंतरावर. आमच्यासारख्या घरांचा स्तंभ मीच तर तक्त्यात काढला होता. तो इतका बुटका की साहेबांनी विचारलं होतं, इथलं काढायचं राहिलं का? आणि गिरणीपलीकडच्या झोपड्यांचा स्तंभ कागदात मावत नव्हता. तिथलं इथे कशाला आणायचं? पण पाय काही ऐकेनात. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून स्वयंपाकघरात.

"विंचू चावल्यासारखी काय फिरतेस?" आई म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर होतं. "बस की जरा. बघ कसा निजलाय. आपला मधला अस्साच होता. शेवटी शेवटी तर चूं नाही की चां नाही. फार गुणी."

बोलली आणि आईचा थोपटणारा हात थांबला.

मधला म्हणजे आम्हा दोघी बहिणींच्या मधला भाऊ. महिन्याच्या आत गेला. त्याच्याबद्दल घरात एवढंच बोललं जायचं, की फार गुणी होता. लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ऐकलं मात्र आज.

मी बाळ उचललं, दुपटं सोडलं. पावलं गार होती. तळव्यावर बोट जोरात घासलं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, पण आवाज नाही.

"ताई! शब्द दिला होतास तू!"

"मोडला," मी म्हणाले. "चप्पल घाल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या नाहीत. रक्तात संसर्ग दिसतोय, म्हणाल्या, वेळेवर आणलंत. सुई टोचली तरी बाळाने नुसतं कपाळ आक्रसलं. सलाईन लागलं, औषध सुरू झालं, आम्हाला बाहेर बाकावर बसवलं.

बाकावर एक बाई होती, गिरणीपलीकडची. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ. नवऱ्याची गिरणीतली पाळी सुटेपर्यंत थांबून, दोन गाड्या बदलून ती आली होती. नर्सने तिच्या बाळाला नळी लावून बघितलं, बराच वेळ बघितलं, मग फडक्याचं टोक त्याच्या तोंडावर ओढलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. नवरा कागदपत्रांसाठी आत गेला. ती तशीच बसून राहिली.

"दोन दिवस इतका गुणी झाला होता," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "मला वाटलं, आता झोपू देतोय मला."

माझ्या तक्त्यात ती आणि आम्ही दोन टोकांना होतो. इथे आमची कोपरं एकमेकांना लागत होती.

दुपारी दुसरं इंजेक्शन द्यायला नर्सने आम्हाला आत बोलावलं. दार उघडंच होतं. सुई शिरली आणि आधी एक घोगरा, बारीक आवाज आला, मग बाळाने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. बहिणीने सवयीने त्याला छातीशी धरलं आणि थोपटायला लागली, "गप, गप माझ्या सोन्या, रडू नको..."

बाकावरच्या बाईने मान वर केली.

"गप्प नका करू हो," ती म्हणाली. "रडू द्या त्याला."