फेस्टीचं रक्ताचं माणूस

उन्हाळा लागला की आमच्या गावात अमेरिकन येतात, इथून तिकडे गेलेले पणजोबा शोधायला. चर्चशेजारच्या हॉलमध्ये जुन्या नोंदी उघडून मी त्यांना त्यांचे पूर्वज काढून देते. प्रत्येकाला सरदार हवा असतो, मेंढ्या चोरणारा कुणालाच नको. निघतो मात्र बहुतेक वेळा तोच. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझा हा उद्योग चालू आहे. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तरी लोक येतात.

गेल्या वर्षी फेस्टी मॅनियन आला, कागदोपत्री फेस्टस. ब्याऐंशी वर्षांचा, माझ्या घरापासून दोन शेतं सोडून राहणारा. लग्नाआधी झालेल्या पोरांच्या आश्रमातल्या नन्सनी त्याला लहानपणीच कीन नवराबायकोच्या शेतावर कामाला धाडलं होतं. माणसं चांगली निघाली. त्यांना मूलबाळ नव्हतं, जाताना घर त्याच्या नावावर करून गेली. तरी गावाच्या तोंडी तो ‘कीनकडचा पोरगा’च राहिला. गुडघे गेले, दात गेले, पोरगा काही गेला नाही.

“डिम्फ्ना,” टोपी हातात फिरवत तो म्हणाला, “त्या परक्यांना तू चार-चार पिढ्या शोधून देतेस. मला एक माणूस शोधून दे. एकच. रक्ताचं.”

मला भरून आलं, म्हणून मी त्याच्यावर खेकसले. “आधी बस. आणि त्या चहाला हात लावू नकोस. नळीत थुंकायचंय.”

डीएनएच्या चाचणीआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नसतं. फेस्टीला अशी कोरड पडली की नळी भरेना. “जन्मभर सरकारच्या नावानं थुंकलो, तेव्हा कुणी जपून ठेवलं नाही,” तो कुरकुरला. “आता मागतायत तर येत नाही.”

उत्तर आलं. यादीत दूरची शेकडो नावं होती, कारण इथे सगळेच एकमेकांचे कुणीतरी लागतात. पण सगळ्यात वर बॉस्टनची एक नोरा होती, चुलत नाहीतर मामेबहीण असावी इतकी जवळची. तिचा बाप बारा मैलांवरच्या टोबरीनमधून अमेरिकेला गेलेला, आडनाव मॅनियन.

फेस्टीकडे आईचं नुसतं नाव होतं, डीलिया मॅनियन. टोबरीनच्या बाप्तिस्म्याच्या वहीत नोराच्या बापाच्या बहिणी सापडल्या, पण त्यांत डीलिया नव्हती. बाहेरचा माणूस इथे हात टेकतो. आमच्याकडे घरात जिला डीलिया म्हणतात, तिला पाद्री वहीत ब्रिजेट लिहितो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ब्रिजेट होती. फेस्टीच्या जन्मानंतर तिचं त्याच गावात लग्न झालं होतं आणि एक मुलगी झाली होती, उना. ब्रिजेटला जाऊन तीस वर्षं झाली. उना मात्र अजून तिथेच राहत होती.

फेस्टीनं कागदावरच्या आईच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “टोबरीनच्या बाजारात मी जन्मभर गुरं विकली. म्हणजे आई तिथेच असेल गं, सामान घेत. गर्दीत मी तिला वाटही दिली असेल.”

मी उनाच्या घरी फोन केला. तिच्या मुलानं, जार्लथनं, तो घेतला. सगळं ऐकून म्हणाला, “त्या गृहस्थांना नेमकं काय हवंय? जमीन?”

“त्याला स्वतःच्या शेतातलं गवत कापवत नाही. तुमचं घेऊन काय लोणचं घालणार आहे का तो?”

त्यानं फोन ठेवून दिला. फेस्टीला काय सांगावं, या विचारानं मी चार दिवस त्याचा रस्ता टाळला. मग एका सकाळी फोन वाजला. म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज.

“माझ्या मुलानं माझ्या भावाला वाटेला लावलं म्हणे. रविवारी घेऊन या त्याला. जेवायलाच या.”

उना काठी टेकत दारात उभी होती. तिनं फेस्टीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कान आईचे,” ती म्हणाली. “बिचाऱ्या! तेवढे नसते मिळाले तरी चाललं असतं.” आणि मग, “बारा मैल यायला इतकी वर्षं लागली रे तुला?”

“गुरं होती,” फेस्टी म्हणाला.

दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते त्यांनाही कळलं नाही. जार्लथ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

जेवताना फेस्टीनं विचारलं, “आई माझ्याबद्दल कधी काही बोलली?”

“नाही,” उना म्हणाली. “खोटं कशाला सांगू? एक शब्द नाही.” तिनं त्याच्या पानात आणखी बटाटे वाढले. “पण हा जार्लथ झाला ना, तेव्हा ती हात धुऊन माझ्यामागे लागली होती, याचं नाव फेस्टस ठेव म्हणून. रडली, भांडली. मी म्हटलं, आई, असलं नाव हल्ली कोण ठेवतं? ऐकलंच नाही मी तिचं.”

फेस्टीच्या हातातला काटा तसाच राहिला. जार्लथ चौकट सोडून आत आला, खुर्ची ओढून बसला आणि त्यानं बटाट्यांचं भांडं आपल्याकडे ओढलं.

त्यानंतर रविवार चुकला नाही. भावाबहिणीची भांडणं बघण्यासारखी असायची. पत्त्यांत दोघंही चोर. पण फेब्रुवारीत उनाला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली.

आमच्याकडे अंत्यविधीला घरची माणसं चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात आणि गाव रांगेनं पुढे जाऊन एकेकाचा हात हातात घेतं. फेस्टीनं जन्मात शेकड्यांनी असे हात धरले होते. त्याचा कुणी कधी धरला नव्हता, कारण त्याचं रक्ताचं कुणी गेलंच नव्हतं; कीन नवराबायकोच्या वेळीही तो मागेच उभा राहिला होता. टोबरीनलाही तो सवयीनं थेट मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिला.

“पुढे हो की,” मी कुजबुजले.

“नको गं. लोक विचारतील हा कोण. त्यांना कशाला संकोच?”

पुढच्या बाकावर जार्लथनं मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. उठला. भरल्या चर्चमधून चालत शेवटपर्यंत आला. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या.

“मामा,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुमची जागा तिकडे आहे.” आणि कोपर धरून त्यानं फेस्टीला पुढे नेलं.

मग रांग सुरू झाली. टोबरीनची माणसं, गुरांच्या बाजारातले दलाल, आमच्या गावचेही बरेच. प्रत्येकजण थांबायचा, फेस्टीचा हात धरून ठरलेलं तेच म्हणायचा, “तुमच्या दुःखात आम्ही आहोत.” फेस्टी ताठ बसून प्रत्येकाकडे नीट बघत मान हलवत होता.

माझी पाळी आली. मीही तेच म्हटलं, जेमतेम. त्यानं माझा हात सोडलाच नाही. मागे रांग खोळंबली होती.

“माझी बहीण होती ती, डिम्फ्ना,” तो मला सांगू लागला. “धाकटी.”